उत्तर कळल्यावरही पुन्हा वाचाव्यात अशा जपानी रहस्यकादंबऱ्या

तिरकी_चाल · शनिवार, रात्री १०.४०

‘खुनी कळला की रहस्यकथा संपली, मग ती रद्दीत घातली तरी चालते’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. असं म्हणणारे दोघं घरातच आहेत. त्यांच्याशी वाद घालून दमले, म्हणून इथे येतेय. विषय फक्त जपानी रहस्यकादंबऱ्या. ख्रिस्तीबाई आणि होम्स यांच्यावरचे धागे आधीच भरून वाहताहेत, त्यांना इथे आणू नका. कसोटी एकच: शेवट ठाऊक असताना पुस्तक दुसऱ्यांदा वाचवतं का? वाचवत असेल तर कशामुळे?

आणि हो, खुनी कोण ते उघड लिहायचं नाही. लिहिल्याशिवाय मुद्दा मांडताच येत नसेल तर आधी ‘रहस्यभेद’ असं ठळक लिहा, म्हणजे ज्याला नको तो पुढे सरकेल.

माझं पुस्तक: सेइचो मात्सुमोतोचं ‘टोकियो एक्स्प्रेस’. १९५७-५८ मध्ये जपानमधल्या एका प्रवासविषयक मासिकात क्रमशः आलं आणि १९५८ मध्ये पुस्तक झालं. ‘पॉइंट्स अँड लाइन्स’ नावाचा जुना इंग्रजी अनुवाद आहे. पेंग्विनने २०२२ मध्ये नवा काढला तो या नावाने. छोटंसं पुस्तक, एका रविवारी उरकतं.

जानेवारीतली कडाक्याची सकाळ. क्यूशू बेटावर हाकाताजवळ काशीई नावाचा खडकाळ किनारा आहे. तिथे एक पुरुष आणि एक तरुणी शेजारी शेजारी मरून पडलेले सापडतात. सायनाइड. बाजूला संत्र्याच्या रसाची बाटली. तो टोकियोतल्या एका मंत्रालयातला अधिकारी, ज्याच्या खात्यात लाचखोरीची चौकशी चालू आहे. ती आकासाकातल्या एका उपाहारगृहात वाढपाचं काम करणारी. प्रेमी युगुलाने जीव दिला, पोलीस फाईल मिटवायला मोकळे. फक्त तोरिगाई नावाचा, कोट झिजून गेलेला एक जुना पोलीस अडून बसतो. कशावर? मृताच्या खिशात रेल्वेच्या डायनिंग कारची पावती मिळाली आहे आणि तिच्यावर लिहिलंय: एक व्यक्ती.

एवढंच. इतक्या लांबच्या प्रवासात तो एकटाच जेवायला गेला, ती गेली नाही. तिला भूक नसेल, वरिष्ठ म्हणतात. तोरिगाई घरी येऊन लेकीला विचारतो, तुझ्यावर अशी वेळ आली तर काय करशील? ती म्हणते, भूक नसली तरी जाईन बरोबर, निदान कॉफी घेत बसेन. पहिल्या वाचनात हे पान कथानकाच्या ओघात मागे पडतं. दुसऱ्या वाचनात मात्र थांबायला होतं. पोलिसात आयुष्य घालवलेला माणूस, आणि त्याला हवी असलेली साक्ष त्याच्याच स्वयंपाकघरात मिळते.

मग टोकियो स्टेशन. १३ नंबरच्या फलाटावरून १५ नंबरचा फलाट दिसत नाही, कारण मधल्या रुळांवर सारख्या गाड्या येत-जात असतात. अख्ख्या संध्याकाळच्या गर्दीत फक्त चार मिनिटं, ५.५७ ते ६.०१, मधले रूळ मोकळे असतात. आणि नेमकं त्याच वेळात हे दोघं १५ वरच्या गाडीत चढताना १३ वरच्या लोकांनी पाहिले. मिहारा नावाचा टोकियोचा तरुण अधिकारी या चार मिनिटांपाशी अडतो. योगायोग इतका वक्तशीर कसा?

यामागे कोण असेल याचा वास तुम्हाला लवकरच लागतो, आणि लेखकाला त्याची काहीही फिकीर नाही. तो सगळा जोर लावतो ‘हे जमवलं कसं’ यावर. त्यामुळे उत्तर माहीत असलं तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही, असं माझं म्हणणं.

खोड काढायची तर दोन आहेत. मिहाराला एक साधी गोष्ट सुचायला इतका वेळ लागतो की आजचा वाचक पुस्तकावर खेकसतो. आणि शेवटचा सगळा उलगडा पत्रातून. ते पत्र कंटाळवाणं आहे, दोन्ही वेळेला.

येऊ द्या तुमची पुस्तकं.

बोरीबंदर · शनिवार, रात्री ११.१५

वा, रेल्वेचा धागा! (रहस्यकथेचा आहे हे नंतर कळलं. दिवे घ्या.)

ती गाडी म्हणजे ‘आसाकाझे’, टोकियो ते हाकाता, रात्रीची. १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, म्हणजे कादंबरी छापून येत होती तेव्हा नवीकोरी होती. २००५ मध्ये बंद पडली. पुस्तकातल्या वेळा १९५७ च्या खऱ्या वेळापत्रकातल्या आहेत, त्यामुळे त्या वर्षीचा वाचक खरंच वेळापत्रक मांडीवर घेऊन लेखकाला पकडायला बसू शकत होता. इतक्या उघड्यावर खेळणारा लेखक विरळा.

पण मला जास्त आवडला तो उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचा भाग. तेव्हा आओमोरीहून हाकोदातेला रेल्वेच्या बोटीनेच जावं लागायचं, समुद्राखालचा बोगदा १९८८ मध्ये सुरू झाला. बोटीवर चढताना प्रवाशाने नाव लिहून द्यायचं आणि तो कागद रेल्वेकडे जमा. संशयिताचा ‘मी तिथे नव्हतोच’ हा दावा त्या कागदावर उभा आहे. बोगदा तीस वर्षं आधी झाला असता तर ही कादंबरीच झाली नसती.

आपल्याकडे चार मिनिटांच्या भरवशावर कट रचला असता तर खुनी कळव्याजवळ लोकलमध्ये उभा, आणि ज्याचा खून करायचा तो बसने घरी पोचलेला.

गवती_चहा · शनिवार, रात्री ११.३२

रुमाल टाकून ठेवतेय.

माझी अडचण नावांची. तोरिगाई, मिहारा, अजून चार जण येतील, आणि पन्नास पानांनंतर मेलं कोण हेच मला आठवणार नाही. रशियन कादंबऱ्या याच कारणाने सोडल्या. यावर कोणाकडे काही इलाज?

नर्मदेचा_गोटा · रविवार, सकाळी ८.०५

@गवती_चहा, तुझ्यासाठीच लिहिलंय असं एक पुस्तक आहे. युकितो आयात्सुजी, ‘द डेकॅगन हाउस मर्डर्स’, १९८७. विद्यापीठातल्या रहस्यकथा मंडळाची सात पोरं एका निर्जन बेटावर आठवडाभर राहायला जातात. मंडळाच्या प्रथेप्रमाणे एकमेकांना हाक मारतात ती जुन्या लेखकांच्या नावाने: एलरी, अगाथा, पो, कार, व्हॅन डाइन, लरू, ऑर्त्सी. झाला प्रश्न मिटला. (ख्रिस्तीबाई मागच्या दाराने आल्याच, धागाकर्तीने माफ करावं.) बेटावर दहा कोनांचं घर. दहा कोनांचं म्हणजे टेबलसुद्धा, कॉफीचे कपसुद्धा. सहा महिन्यांपूर्वी याच बेटावरचा दुसरा वाडा जळून माणसं मेलेली. मग एकेक पोरगं कमी व्हायला लागतं. एक प्रकरण बेटावर, एक किनाऱ्यावर, असं पुस्तक चालतं.

आता धाग्याच्या मुद्द्याला माझा विरोध. मात्सुमोतो थोर माणूस, पण त्याच्यामुळे जपानी रहस्यकथा पुढे बरीच वर्षं लाचखोर अधिकारी आणि दमलेले पोलीस यांच्यातच अडकली. आयात्सुजी स्वतः क्योतो विद्यापीठाच्या रहस्यकथा मंडळातला. या कादंबरीच्या सुरुवातीलाच एलरी तावातावाने म्हणतो की पुरे तो वास्तववाद, रहस्यकथा म्हणजे बुद्धीचा खेळ. बेट, वाडा, नकाशा, हुशार डिटेक्टिव्ह, सगळं परत पाहिजे. आणि ते परत आलंही. या पुस्तकानंतर तरुण लेखकांची रांग लागली.

पुन्हा वाचण्याबद्दल: शेवटाकडे एक वाक्य आहे. एका साध्या प्रश्नाला दिलेलं साधं उत्तर. त्या एका ओळीने आधीची सगळी पानं उलटीपालटी होतात. ती ओळ वाचल्यावर मी मागे जाऊन लेखक कुठे खोटं बोललाय ते शोधलं. कुठेही नाही. म्हणजे दुसरं वाचन हे त्याच्यावर खटला भरण्यासाठी, आणि तो निर्दोष सुटतो.

माणसं मात्र पुठ्ठ्याची आहेत. दुसऱ्या वाचनातही पुठ्ठ्याचीच.

तिरकी_चाल · रविवार, सकाळी ९.२०

@नर्मदेचा_गोटा, शेवटच्या ओळीने माझं काम केलंस. खटला एकदा चालवून झाला की तिसऱ्यांदा वाचशील का? मी तोरिगाईच्या घरी परत जाईन. त्या बेटावर परत जायचं मला काही कारण नाही.

@बोरीबंदर, बोटीच्या कागदाबद्दल लिहायचं राहिलं होतं, बरं झालं आलात.

आबा_दप्तरे · रविवार, दुपारी १२.५०

चर्चा वाचतो आहे. आमची पिढी बाबुराव अर्नाळकरांवर पोसलेली. त्यांनी हजाराहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, आणि झुंजार किंवा काळा पहाड ज्यात आहे ती वाचनालयातून परत आली की पुढचा ग्राहक काउंटरवर उभाच असे. आम्ही त्या पुन्हा पुन्हा वाचल्या, पण रहस्यासाठी मुळीच नाही. झुंजार आला की बरे वाटे, एवढेच कारण. पुढे सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास आला, तेव्हाही तेच. तेव्हा धागाकर्तीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की दुसऱ्या वाचनाला माणूस लागतो, आणि तो माणूस डिटेक्टिव्ह असला तर उत्तम.

जपानी लेखकांत मला तसा माणूस सेइशी योकोमिझोच्या कोसुके किंदाइची या डिटेक्टिव्हमध्ये सापडला. मुलाने दिलेले ‘द होन्जिन मर्डर्स’ वाचले. मूळ कादंबरी १९४६ ची, महायुद्ध नुकते संपलेले. योकोमिझो युद्धकाळात टोकियो सोडून ओकायामाच्या ग्रामीण भागात राहायला गेला होता आणि कथाही तिथल्याच खेड्यात घडते. पूर्वी सरदार मंडळी प्रवासात ज्यांच्या वाड्यावर उतरत, अशा मानाच्या घराण्यात लग्न असते. काळ १९३७ च्या नोव्हेंबरचा. लग्नाच्याच रात्री किंकाळी, पाठोपाठ कोतो या तंतुवाद्याचा विचित्र झंकार. दार फोडून पाहतात तो नवरा-नवरी रक्तात. सोनेरी पडद्यावर तीन बोटांचे रक्ताळलेले ठसे. बाहेर बर्फ पडलेला, त्यात तलवार रोवलेली, आणि पाऊल एकाचेही नाही.

एवढे झाल्यावर डिटेक्टिव्ह येतो तो कसा? चुरगळलेले कपडे, डोक्यावर झिपऱ्यांचे टोपले, विचारात पडला की ते खसाखसा खाजवतो, आनंद झाला की तोतरा बोलतो. पोलीस त्याच्याकडे बघतच राहतात. मला तो फार आवडला. या एकाच कादंबरीवर लेखक थांबला नाही, याला घेऊन त्याने सत्तरांहून अधिक कथा-कादंबऱ्या लिहिल्या.

खुनाची युक्ती मला पटली नाही. फार खटपटीची आहे, आणि ती पहिल्याच झटक्यात जमली हे कथेपुरते मान्य करावे लागते. परंतु लग्नाला विरोध होता तो भाग वाचताना मी चपापलो. नवरी शिकलेली, मुलींच्या शाळेत शिक्षिका, काका फळबागा लावून श्रीमंत झालेला. तरी वाड्यातली मंडळी तिला शेवटपर्यंत कुळाच्या घरातली मुलगीच समजतात. कोकणात माझे बालपण गेले. खोताच्या घरच्या ओसरीवर कोण कुठल्या पायरीपर्यंत यायचे, हे मला कोणी समजावून सांगायला नको. बर्फातली तलवार विसरेन, त्या घरातले जेवणाच्या पंगतीतले टोमणे विसरणार नाही.

बोरीबंदर · रविवार, दुपारी १.१०

आबा, दंडवत. यावर वेगळा लेख लिहा.

पेन्सिलबॉक्स · रविवार, संध्याकाळी ६.३०

कोणीच अजून हिगाशिनोचं नाव घेतलं नाही? केइगो हिगाशिनो, ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’, २००५. जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळालेली कादंबरी. लेखक मूळचा इंजिनियर, आणि ते जाणवतं.

यात खून तुमच्या डोळ्यांसमोर होतो, पहिल्याच प्रकरणात. यासुको ही डब्याच्या दुकानात काम करणारी बाई, शाळकरी मुलगी मिसातो, आणि पैसे उकळायला परत परत येणारा पूर्वीचा नवरा. झटापटीत कोतात्सूच्या (हीटरवालं बुटकं टेबल) वायरने त्याचा गळा आवळला जातो. शेजारी राहणारा इशिगामी, गणिताचा शिक्षक, भिंतीपलीकडून सगळं ऐकतो, दार वाजवतो आणि म्हणतो, पुढचं माझ्यावर सोडा. त्यानंतर पोलीस येतात तेव्हा आपण खुनी मायलेकींच्या बाजूने! आणि तपासात कुसानागी या पोलिसाच्या मदतीला येतो तो युकावा, भौतिकशास्त्रज्ञ, आणि इशिगामीचा कॉलेजातला एकमेव बरोबरीचा मित्र.

तुम्हाला वाटतं सगळं माहीत आहे, आता फक्त पकडला जातो का तेवढंच बघायचं. आणि तरी शेवटी पायाखालची जमीन सरकते. लगेच पहिलं प्रकरण उघडा: इशिगामी सकाळी कामावर निघालाय, सुमिदा नदीच्या काठाने, निळ्या ताडपत्रीतल्या बेघर माणसांच्या समोरून. किती निवांत वर्णन! हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचणं म्हणजे स्वेटर उलटा करून टाके बघणं.

भूमितीचे_सर · रविवार, रात्री ८.००

पेन्सिलबॉक्स यांनी आमच्या जमातीचा विषय काढला.

इशिगामी परीक्षेत प्रश्न कसे काढतो ते आठवा: वरून भूमितीचा वाटणारा, प्रत्यक्षात बीजगणिताचा. पाठांतर करून आलेलं पोरगं भूमिती करत बसतं आणि फसतं. ही गोष्ट बोलण्याच्या ओघात सहज येऊन जाते आणि अख्ख्या कादंबरीची किल्ली तिथे उघड्यावर ठेवलेली असते. मी तीस वर्षं पेपर काढतोय, असा प्रश्न काढला तर पालक मुख्याध्यापकांकडे जातात.

दुसरी जागा म्हणजे युकावा आणि इशिगामीची भेट. स्वतः उत्तर शोधणं अवघड, की दुसऱ्याने दिलेलं उत्तर बरोबर आहे का ते तपासणं अवघड? संगणकशास्त्रातला न सुटलेला प्रश्न आहे हा. इथे तो दोन मित्र दारू पिता पिता बोलतात आणि दोघांपैकी एकाला कळतं की आता आपल्यालाच तपासणारा व्हायचं आहे.

पणजेकार · रविवार, रात्री ९.४५

हांगा गोंय येतलेंच! ‘दृश्यम’ची आठवण कोणाला झाली नाही? हिंदीतली आमच्या गोव्यात घडते: विजय साळगावकर, पणजीतला सत्संग, २ ऑक्टोबर, पावभाजी. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा. तो आला तेव्हापासून ‘हे सस्पेक्ट एक्सवरून उचललं’ अशी चर्चा आहे, आणि दिग्दर्शक जितू जोसेफ यांनी ते नाकारलेलं आहे. दोन्ही ओळखीचे असलेला वाचक म्हणून सांगतो, साम्य एका ठिकाणी आहे, पण ते ठिकाण सांगितलं तर कादंबरी फुटेल, म्हणून तोंड बंद. बाकी जात वेगळी. विजय स्वतःच्या घरासाठी लढतो. इशिगामीचं ते घरच नाही.

अधिकृत हिंदी रूपांतर म्हणजे सुजॉय घोषचा ‘जाने जां’, २०२३, कालिम्पाँगमध्ये घडणारा. जयदीप अहलावत काय काम करतो! पण त्यात मित्र आणि पोलीस अशी दोन पात्रं एकात मिसळली, आणि तिथे खेळ गेला. पुस्तकात युकावाला बेड्या घालायच्या नसतात, म्हणून त्याला सत्य शोधणं जड जातं. पोलिसाला ते जड कशाला जाईल, पगार त्याचाच आहे.

कडू_कारलं · सोमवार, सकाळी ७.१५

सगळे इशिगामीच्या त्यागावर फिदा. यासुकोला कोणी विचारलं का?

एक माणूस भिंतीपलीकडून तुमचे आवाज ऐकतो. तुम्ही दुकानात असाल त्याच दिवशी डबा घ्यायला येतो, हे बरोबरच्या बायकांच्याही लक्षात आलंय. मग तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री दारात उभा राहतो. त्यानंतर रोज बाहेरच्या फोनवरून फोन, पोलिसांना काय सांगायचं ते वाक्यावाक्याने. कुदो नावाचा एक भला माणूस तिला जेवायला बोलावतो तर तिला धडधडतं की शेजाऱ्याला काय वाटेल. एका नवऱ्याच्या तावडीतून सुटली आणि ऋणाच्या तावडीत गेली. याला तुम्ही भक्ती म्हणता. माझ्या इमारतीत असा शेजारी असता तर मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेले असते.

पुस्तक भारी आहे. पण दुसऱ्यांदा वाचलं तर इशिगामीसाठी नाही, तिच्यासाठी वाचा. तिची किती पानं आहेत ते बघा.

पेन्सिलबॉक्स · सोमवार, सकाळी ११.००

@कडू_कारलं, मुद्दा कापतो, पण लेखकाला हे दिसलं नाही असं मला वाटत नाही.

रहस्यभेद, पुढचा परिच्छेद वगळा.

इशिगामीच्या मांडणीत सगळं धरलेलं आहे: पोलीस, पुरावे, युकावा, स्वतःचं आयुष्य. फक्त यासुकोला काय वाटेल हे धरलेलं नाही. तिने सुखी व्हायचं, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. आणि शेवटच्या पानांत गणित कोसळतं ते तिथेच, ती स्वतःच्या पायांनी चालत येते म्हणून. तिची पानं कमी आहेत, मान्य. पण शेवटचा निर्णय तिचा आहे, आणि त्याला तोच एक सहन होत नाही.

कडू_कारलं · सोमवार, सकाळी ११.२५

हे पटलं. अर्धं. दोनशे पानं फोनवर हो हो म्हणायला लावून शेवटी एक निर्णय दिला, ही काही फार उदारपणाची गोष्ट नाही.

योकोहामाकर · सोमवार, दुपारी ३.१०

इकडून थोडी भर.

कोतात्सू म्हणजे बुटकं टेबल, खाली हीटर, वरून गोधडीसारखं पांघरूण. हिवाळ्यात अख्खं घर त्याच्याभोवती पाय आत घालून बसतं, जेवण, अभ्यास, टीव्ही सगळं तिथेच. म्हणून त्या वायरचं इकडच्या वाचकाला जास्त लागतं.

‘सस्पेक्ट एक्स’वरून इथेही जोरदार भांडण झालं होतं. नाओकीबरोबर तिला ‘होन्काकू’ रहस्यकथेचा, म्हणजे वाचकाला सगळे दुवे देऊन खेळल्या जाणाऱ्या कोड्याचा पुरस्कारही मिळाला. त्यावर रेइतो निकाइदो या रहस्यकथालेखकाने आक्षेप घेतला की ही त्या जातीची कादंबरीच नाही, वाचकाला स्वतः उत्तर काढता येईल इतकं हातात दिलेलंच नाही. समीक्षक, लेखक सगळे त्यात उतरले. म्हणजे नर्मदेचा_गोटा विरुद्ध तिरकी_चाल हा सामना इकडे आधीच होऊन गेलाय.

मात्सुमोतोवाल्यांसाठी: त्याच्या गावी, कोकुरात, किल्ल्याजवळ त्याचं स्मारक संग्रहालय आहे. त्याची अभ्यासिका आणि सुमारे ३०,००० पुस्तकांचा संग्रह जसाच्या तसा मांडलाय. घरची गरिबी, शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंत, वर्तमानपत्रात जाहिरातींची चित्रं-मांडणी करत होता, आणि लेखक म्हणून नाव झालं ते चाळिशी ओलांडल्यावर. तोरिगाईचा झिजलेला कोट त्याला कुठून सुचला असेल हे तिथे गेल्यावर वेगळं विचारावं लागत नाही. ‘टोकियो एक्स्प्रेस’ आवडलं असेल तर त्याचंच ‘इन्स्पेक्टर इमानिशी इन्व्हेस्टिगेट्स’ घ्या. बारमध्ये दोन माणसांचं बोलणं कोणाच्या तरी कानावर पडलंय: ईशान्येकडची बोली आणि ‘कामेदा’ हा शब्द. तेवढ्या भांडवलावर एक मध्यमवयीन पोलीस, वेळ मिळेल तसा, अर्धा जपान पालथा घालतो. हायकू रचतो प्रवासात. लांबलचक आहे, पण मला तो इमानिशी घरचा माणूस वाटतो.

नर्मदेचा_गोटा · सोमवार, संध्याकाळी ७.४०

निकाइदोशी सहमत. दुवे द्या, मग फसवा. सुमिदा काठचं वर्णन हा दुवा म्हणून मला पुरत नाही.

@तिरकी_चाल, तिसऱ्यांदा वाचशील का, या प्रश्नाचं उत्तर: नाही. पण दुसऱ्याला वाचायला देऊन, तो त्या ओळीवर पोचला की त्याचं तोंड बघायला समोर बसेन. बेटावर परत जायचा माझा रस्ता तो.

तिरकी_चाल · सोमवार, रात्री १०.०५

@नर्मदेचा_गोटा, हे मान्य, यात माझा मुद्दा पडतो.

मीही अजून एक नाव टाकते, कारण दोन्ही पक्षांना चालेल. हिगाशिनोचंच ‘मॅलिस’, मूळ १९९६ चं. यशस्वी लेखक हिदाका, व्हँकूवरला कायमचा निघालाय, निघायच्या आदल्या दिवशी आपल्या अभ्यासिकेत मारला जातो. त्याचा जुना मित्र नोनोगुची, मुलांची पुस्तकं लिहिणारा, घडलेलं सगळं लिहून काढतो. तपास कागाकडे, जो पोलीस व्हायच्या आधी त्याच नोनोगुचीबरोबर एका शाळेत शिक्षक होता. खुनी पुस्तक अर्धं व्हायच्या आतच सापडतो आणि कबूलही करतो. उरतं फक्त ‘का’. आणि त्या ‘का’ची उत्तरं एकावर एक येत राहतात, प्रत्येक पटण्यासारखं, प्रत्येक कोणीतरी लिहून ठेवलेलं. सुरुवातीला एका मांजराचा प्रसंग आहे. त्यावरून तुम्ही एका माणसाबद्दल मत बनवता. पुढचं सांगत नाही. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही लेखकाऐवजी स्वतःला तपासत बसता, की मी इतक्या लवकर विश्वास का ठेवला?

शाळेतल्या छळाचा भाग त्यात आहे, तो अंगावर येतो. झोपताना वाचू नका.

आबा_दप्तरे · मंगळवार, सकाळी ६.३०

‘मॅलिस’ मागवले. अक्षर बारीक नसावे ही अपेक्षा.

गवती_चहा · मंगळवार, रात्री ९.१५

हजर! काल ‘टोकियो एक्स्प्रेस’ सुरू केलं. वीजबिलाच्या मागे नावं लिहून घेतली: तोरिगाई, कोट. मिहारा, कॉफी. सतत कॉफी प्यायला जातो तो. यासुदा, धंदा आणि गाड्या. या पद्धतीने व्यवस्थित चाललंय, पन्नास पानं झाली आणि कोण मेलंय ते अजून आठवतंय.

त्या चार मिनिटांपाशी आलेय आणि मला वाटतं मला कळलंय. सांगू का?

बोरीबंदर · मंगळवार, रात्री ९.२२

नको!! कोण ते सगळ्यांनाच कळतं. त्याआधी काशीईची दोन स्टेशनं नीट वाचलीस का? एक सरकारी रेल्वेचं, एक खासगी कंपनीचं, मधे सहा-सात मिनिटांची चाल. त्या रात्री दोन्हीकडे एकेक जोडपं उतरताना दिसलंय, वेळेत अकरा मिनिटांचं अंतर. ते एकच जोडपं असेल तर मधली चार-पाच मिनिटं गेली कुठे? तोरिगाई तो रस्ता स्वतः चालून बघतो, कधी हळू, कधी भरभर, घड्याळ हातात धरून. तिथे परत जा आणि तुझं वीजबिल पुढे भर. मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

गवती_चहा · मंगळवार, रात्री ९.५०

अरेच्चा. दोन जोडपी?